घेणारा कोण आहे

मोबाइल हातात असेल तर क्षणभर पालथा ठेवा. बंद करू नका, नुसता पालथा. पडद्यावरचा आकडा तुम्हाला पाठ आहे. आज तो किती वेळा पाहिलात, ते आठवा. सकाळी दात घासताना, लोकलमध्ये, जेवताना ताटाशेजारी ठेवून, आणि आता घरातले सगळे झोपल्यावर. शेअर बाजार दुपारी साडेतीनला मिटतो, शनिवार-रविवारी सुट्टी घेतो. क्रिप्टोच्या बाजाराला ना रात्र आहे, ना रविवार, ना दिवाळी. म्हणून त्याच्याकडे बघणाऱ्यालाही सुट्टी मिळत नाही.

पाठ टेका. खांदे सैल सोडा. आज आपल्याला काही घ्यायचं-विकायचं ठरवायचं नाही. आपल्याकडच्या एका कॉइनकडे, तो कुठलाही असो, निवांत बघायचं आहे. बघताना एक प्रश्न जवळ ठेवायचा: हा माझ्याकडून घेणारा कोण आहे?

उत्तराची घाई नको. प्रश्न नुसता शेजारी बसू द्या.

आता तो आकडा डोळ्यांपुढे आणा. समजा, शंभर रुपये. हा भाव आला कुठून? काही सेकंदांपूर्वी कुणीतरी, कदाचित दोनच कॉइन, शंभरला विकले आणि दुसऱ्या कुणीतरी घेतले. सौदा झाला, दोघे आपापल्या वाटेने गेले. मागे राहिला तो आकडा. तुमच्याजवळ हजार कॉइन आहेत, म्हणून ॲप त्या आकड्याला हजाराने गुणतं आणि खाली ठळक अक्षरांत लिहितं, एक लाख रुपये. ज्या दोघांनी तो सौदा केला, त्यांना तुमचे हजार कॉइन ठाऊकही नाहीत.

इथे जरा थांबा. त्या एक लाखाकडे बघा. त्यातून मनाने काय काय खरेदी केलं होतं, तेही आठवा. कुणाची फी, कुणाचं लग्न, एखादी गाडी.

बिटकॉइनची पहिली गाजलेली खरेदी २२ मे २०१० ची. फ्लोरिडातल्या लास्लो हान्येझ या प्रोग्रामरने दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन मोजले. या गोष्टीवर लोक हळहळतात, आजच्या भावाने गुणाकार करून दाखवतात. मला तिच्यातली वेगळी बाब महत्त्वाची वाटते. लास्लोने आपला देकार १८ मे रोजी जाहीर केला होता. दहा हजार बिटकॉइन समोर ठेवूनही चार दिवस कुणी पिझ्झा द्यायला पुढे आलं नाही. चौथ्या दिवशी एक माणूस तयार झाला आणि सौदा झाला. बिटकॉइन त्याआधी वर्षाहून जास्त काळ अस्तित्वात होतं, त्याचं गणित पक्कं होतं, एकूण २ कोटी १० लाखांच्या वर ती कधीच निघणार नाहीत हेही ठरलेलं होतं. तरी त्या चार दिवसांत दहा हजार बिटकॉइनांतून एक पिझ्झा आला नाही, कारण समोर माणूस नव्हता.

तो चार दिवसांचा काळ मनात धरून ठेवा.

आईबरोबर कधी पाटल्या मोडायला सराफाकडे गेला असाल. सोन्याचा त्या दिवसाचा भाव दुकानात फळ्यावर लिहिलेला असतो. आई तो वाचते आणि मनात हिशेब करते. मग सराफ पाटली हातात घेतो, कसाला लावतो, वजन करतो, घट धरतो, आणि जी रक्कम सांगतो ती आईच्या हिशेबापेक्षा कमी भरते. आई गप्प बसते, कारण तिला हे माहीत असतं. घ्यायचा भाव वेगळा, मोडीचा भाव वेगळा. क्रिप्टोतही हीच तफावत असते. कॉइन १०१ ला मिळतो आणि त्याच क्षणी विकला तर १०० ला जातो. मोठ्या कॉइनांत ही फट केसाएवढी असते, छोट्यांत हात जाईल एवढी. पण सराफ दुकान उघडून बसलेला असतो, आणि उद्याही बसणार असतो. आपल्या कॉइनच्या बाबतीत तो प्रश्न शेजारी तसाच बसलेला आहे.

आता मोबाइल सुलटा करा, पण भाव बघू नका. आलेख बघू नका. ॲपमध्ये ऑर्डर बुक नावाचं पान असतं, ते उघडा. हिरव्या बाजूला घेणाऱ्यांच्या बोली एकाखाली एक लागलेल्या असतात. सावकाश, वरून खाली वाचत या. समजण्यासाठी मी एक काल्पनिक उतरंड घेतो. १०० रुपयांना ४० कॉइन घ्यायला कुणी तयार आहे. ९९ ला ६०. ९७ ला १००. मग एकदम ९२ ला २००, ८५ ला ३००, आणि ७० ला ३००. बस, एवढीच माणसं.

तुमचे हजार कॉइन या उतरंडीवर ठेवून बघा. पहिले चाळीस शंभरने गेले, साठ नव्व्याण्णवने. तिथवर सगळं ठीक. मग पायऱ्या उंच होत जातात. शेवटचे तीनशे सत्तरने जातात. बेरीज करा: ४,०००, ५,९४०, ९,७००, १८,४००, २५,५००, २१,०००. मिळाले ८४,५४० रुपये. ॲपवर एक लाख होते. साडेपंधरा हजार चोराने नेले नाहीत की फीमध्ये गेले नाहीत. ते कधी नव्हतेच. शंभरच्या भावाने तुमचे फक्त चाळीस कॉइन जाणार होते.

बाजारातले जाणकार विचारतात की भावाच्या दोन टक्क्यांच्या आत किती मागणी उभी आहे. आपल्या उतरंडीत अठ्ठ्याण्णवपर्यंत शंभरच कॉइनांना जागा आहे, म्हणजे ९,९४० रुपयांची. तिला ते डेप्थ म्हणतात, खोली. विहिरीत उडी मारण्यापूर्वी पाणी किती आहे ते बघावं, तशी ही बघायची असते. लिक्विडिटी, तरलता हे शब्द जड वाटत असतील तर एवढंच धरा: मी विकायला निघालो तर भाव न पाडता किती विकू शकतो?

याच उतरंडीतून आणखी एक गोष्ट दिसते, तिच्यापाशी थोडं जास्त थांबावं. तुम्ही विकून मोकळे झालात. शेवटचा सौदा ७० चा. आता जगातल्या प्रत्येकाच्या पडद्यावर भाव ७० दिसतो. समजा, त्या कॉइनचे शंभर कोटी नग लोकांकडे आहेत. तुम्ही विकण्यापूर्वी त्या सगळ्यांचं मिळून बाजारमूल्य, ज्याला मार्केट कॅप म्हणतात, दहा हजार कोटी रुपये होतं. आता सात हजार कोटी. बाजारातून प्रत्यक्षात हलले ते तुमचे ८४,५४० रुपये. तीन हजार कोटी कुणाच्या खिशात गेले? कुणाच्याच नाही. भाव चढताना ते ज्या वाटेने आले होते, त्याच वाटेने परतले. एखाद्या कॉइनचं बाजारमूल्य अमुक हजार कोटी झालं अशी बातमी वाचाल, तेव्हा ही उतरंड आठवा. तेवढे पैसे कुणी कुठे जमा केलेले नसतात.

उलाढालीचा आकडाही असाच सावकाश वाचावा. चोवीस तासांत इतक्या कोटींचे सौदे झाले, हे वाचून बाजार भरलेला वाटतो. मार्च २०१९ मध्ये बिटवाइज या अमेरिकी कंपनीने तिथल्या रोखे बाजार नियामकापुढे अभ्यास मांडला की बिटकॉइनच्या जाहीर केल्या जाणाऱ्या उलाढालीतली सुमारे ९५ टक्के खोटी किंवा अर्थहीन आहे. आपणच विकायचं, आपणच घ्यायचं, या खिशातून त्या खिशात. जत्रेत गर्दी दिसावी म्हणून तीच दहा माणसं मंडपाला फेऱ्या घालत राहावीत, तसं. बोलींची उतरंडही फसवी असू शकते, कारण बोली लावणारा ती कुठल्याही क्षणी मागे घेऊ शकतो. भाव घसरायला लागला की सगळ्यांत आधी याच बोली नाहीशा होतात. सुखाच्या दुपारी मोजलेली खोली घाबरलेल्या रात्री तेवढी राहत नाही. १२ मार्च २०२० ला, कोरोनाच्या भीतीने जगभरचे बाजार कोसळत असताना, बिटकॉइन एका दिवसात जवळजवळ चाळीस टक्के उतरलं. सगळ्यांत मोठा, सगळ्यांत खोल समजला जाणारा हा कॉइन. आणि २०२१ च्या नोव्हेंबरात स्क्विड नावाचा एक कॉइन २,८०० डॉलरच्या वर चढला होता, पण तो घेता येत होता, विकता येत नव्हता. काही मिनिटांत तो शून्याला टेकला. आलेख बघणाऱ्याला चढण दिसत होती. विकून बघणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

श्वास सोडा. पाणी प्या हवं तर. पुढे एक मोठं प्रकरण आहे आणि ते घाईने वाचण्यासारखं नाही.

लुना. दक्षिण कोरियाच्या दो क्वॉन आणि डॅनियल शिन यांनी २०१८ मध्ये काढलेल्या टेराफॉर्म लॅब्जचा कॉइन. २०२१ उजाडलं तेव्हा तो एका डॉलरहूनही स्वस्त होता. ५ एप्रिल २०२२ ला ११९ डॉलरच्या आसपास. सव्वा वर्षात शंभर पटींहून जास्त. सगळ्या लुनांचं बाजारमूल्य ४,००० कोटी डॉलरच्या वर, आणि जगातल्या पहिल्या दहा क्रिप्टोंत स्थान.

त्या एप्रिलमध्ये जाऊन बसा. तुमच्यापुढे लुनाचा कागद आहे आणि तुम्हाला मत द्यायचं आहे. परतावा? डोळे दिपवणारा. उलाढाल? भरपूर. मोठ्या एक्स्चेंजांवर आहे का? आहे. बोलींची उतरंड दाट आहे का? तीही आहे. आपण आत्तापर्यंत जे जे तपासायला शिकलो, त्यात लुना उत्तीर्ण होतो. म्हणून मी त्याचं नाव घेतलं. घेणारा आहे की नाही, एवढं विचारून इथे भागत नाही. आणखी एक पायरी उतरावी लागते: तो कशासाठी घेतोय?

लुनाला एक जोडीदार होता, यूएसटी. त्याचा भाव कायम एक डॉलर राहील असं वचन होतं. त्यामागे तिजोरीत डॉलर ठेवलेले नव्हते, एक नियम होता. कुणीही एक यूएसटी द्यावा आणि त्या बदल्यात एक डॉलरच्या किमतीचे नवे लुना घ्यावेत. लुना शंभर डॉलरला असेल तर एका यूएसटीला लुनाचा शंभरावा तुकडा मिळणार. लुना एका डॉलरला असेल तर अख्खा एक. लुना एका सेंटला असेल तर शंभर. हे तीन आकडे पुन्हा वाचा. लुना जितका पडेल, तितके जास्त नवे लुना छापले जाणार. जितके जास्त छापले जातील, तितका तो आणखी पडणार. हा नियम गुपित नव्हता, सगळ्यांसमोर लिहिलेला होता. चढत्या बाजारात तो कुणाला टोचला नाही, एवढंच.

आणि यूएसटी लोक कशासाठी घेत होते? अँकर नावाच्या योजनेत तो ठेवला की वर्षाला १९ ते २० टक्के व्याज मिळे. बाजारातल्या सगळ्या यूएसटीपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश तिथेच जाऊन बसले होते. कर्जदारांकडून येणाऱ्या पैशातून एवढं व्याज निघत नव्हतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या योजनेच्या राखीव निधीत ४५ कोटी डॉलर ओतावे लागले. म्हणजे घेणारे होते, आणि ते व्याजासाठी होते. व्याजाबद्दल शंका आली की ते सगळे एकाच दारातून बाहेर पडणार होते.

७ मे २०२२, शनिवार. मोठ्या रकमा बाहेर निघायला लागल्या. यूएसटी एका डॉलरच्या किंचित खाली आला. सोमवारी ९ तारखेला तो सत्तर सेंटच्याही खाली गेला. मग तो नियम आपलं काम करू लागला. लोक यूएसटी देऊन लुना घेत होते आणि लुना विकत होते. संकटासाठी म्हणून एका प्रतिष्ठानाने ८०,००० हून अधिक बिटकॉइन राखून ठेवली होती. भाव सावरायला ती वापरली गेली, ३१३ उरली. साधारण ३५ कोटी लुना होते, ते आठवडाभरात साडेसहा लाख कोटी झाले. शुक्रवारपर्यंत एक लुना सेंटच्या बारीकशा तुकड्याएवढाही राहिला नव्हता. त्या दिवसांत सौदे मात्र धोधो चालू होते, उलाढालीचे आकडे फुगलेले होते. भरलेला बाजार आणि पळणारा बाजार नुसत्या उलाढालीत सारखेच दिसतात. पुढे दो क्वॉनने ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात फसवणुकीचा गुन्हा कबूल केला.

डोळे मिटा आणि आपल्या कॉइनकडे परत या. तो घेणाऱ्यांना काय हवं आहे? त्यांना तो कशाला तरी वापरायचा आहे, की फक्त उद्या जास्त भावाने कुणाला तरी द्यायचा आहे? आणि तुम्हाला स्वतःला? या शेवटच्या प्रश्नापाशी मला दर वेळी सगळ्यांत जास्त वेळ लागतो.

परताव्याकडे बघताना तारीख बघायची सवय लावा. डिसेंबर २०१७ मध्ये बिटकॉइन जवळजवळ २०,००० डॉलरला पोचलं आणि वर्षभरात ३,२०० च्या आसपास आलं. शिखरावर ज्याने एक लाख घातले, त्याचे सोळा हजार झाले. चौऱ्याऐंशी टक्के गेले, तर परत यायला चौऱ्याऐंशी टक्के वाढ पुरत नाही. सोळाचे शंभर व्हायला सव्वासहा पट व्हावं लागतं. त्याला डिसेंबर २०२० पर्यंत, पूर्ण तीन वर्षं, वाट बघावी लागली. नोव्हेंबर २०२१ ला ६९,००० च्या शिखरावर घेणाऱ्याने वर्षभरात १६,००० चा तळ पाहिला, आणि मार्च २०२४ मध्ये तो बरोबरीला आला. बिटकॉइन परत आलं, म्हणून या वाट बघण्याला अर्थ मिळाला. लुना धरून बसलेलाही तशीच वाट बघत होता.

त्या तीन वर्षांत आपल्या घरात काय काय घडू शकतं, ते मनात आणा. दवाखाना, नोकरी, मुलांचं कॉलेज. जोखीम म्हणतात ती आलेखावरच्या खालीवर होणाऱ्या रेषेत अर्धीच दिसते. उरलेली अर्धी घरातल्या कॅलेंडरवर असते: पैसे नेमके लागतील तेव्हा भाव कुठे असेल?

शिवाय दार उघडं असायला हवं. टोकियोचं माउंट गॉक्स हे एक्स्चेंज फेब्रुवारी २०१४ मध्ये बुडालं, आणि तिथल्या लोकांना बिटकॉइन परत मिळायला सुरुवात झाली जुलै २०२४ मध्ये. त्याच जुलैच्या १८ तारखेला मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजवर चोरी झाली, सुमारे २३ कोटी डॉलरची. व्यवहार थांबले. ग्राहकांना कॉइन हाती मिळायला वर्ष उलटून गेलं. मधल्या डिसेंबरात बिटकॉइनने एक लाख डॉलर ओलांडले. जगात घेणारे रांगेने उभे होते, भाव कधी नव्हे इतका होता, आणि ज्यांचे कॉइन आत अडकले होते ते पडद्यावर नुसते बघत होते. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. इथे तसं काही नाही.

कराचंही एकदा मनात घोळवून ठेवा, कारण विकायच्या क्षणी तो सुचत नाही. आपल्याकडे १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि वर उपकर आहे. एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. एकात पन्नास हजार कमावले, दुसऱ्यात पन्नास हजार गमावले, हातात शून्य आलं, तरी पंधरा हजार आणि उपकर भरायचा आहे. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएसही कापला जातो, तोट्यात विकलं तरी.

आता सगळे आकडे बाजूला ठेवा आणि तो पहिला प्रश्न परत हातात घ्या. कदाचित अजून उत्तर आलेलं नसेल. ते बसल्या जागी पूर्ण येतही नाही.

म्हणून एक विनंती. उद्या किंवा परवा, कसलीही नड नसताना, भाव चढलेला किंवा पडलेला नसताना, आपल्याकडच्या कॉइनांतला थोडासा भाग, दहावा हिस्सा म्हणा, खरोखर विकून बघा. विकण्याआधी ॲप काय रक्कम दाखवतं ती वहीत लिहा. वेळही लिहा. मग रुपये काढायची विनंती टाका आणि बँकेचा मेसेज येईपर्यंत थांबा. आलेली रक्कम आणि लागलेले तास पहिल्या ओळीखाली लिहा. वही बंद करा आणि झोपा.